विहीर मारली, बुजवायची कुणी?

एप्रिल उजाडला की आमच्या भागात रात्रभर बोअरच्या गाडीची घरघर ऐकू येते. दोनशे फूट झाले, तीनशे झाले, तरी वर येतो तो नुसता फुफाटाच. शेवटी शेतकरी डोक्याला हात लावून बसतो, गाडीवाला फुटाप्रमाणे पैसे मोजून घेतो आणि पहाटे पुढच्या गावाला निघून जातो. मागे राहते ते जमिनीतले सहा-सात इंचांचे एक भोक. त्यावर कधी दगड ठेवतात, कधी फाटके पोते टाकतात. पुष्कळदा तेही नसते.

असल्या भोकाने काय होते, हे बेळगाव जिल्ह्याला कुणी सांगायला नको. २०१७ च्या एप्रिलमध्ये अथणी तालुक्यातील झुंजरवाडला सहा वर्षांची एक मुलगी सोडून दिलेल्या बोअरमध्ये पडली. दोन दिवसांहून अधिक काळ यंत्रे आणि माणसे खणत राहिली, पण ती जिवंत हाती लागली नाही. त्याआधी सात वर्षे, २०१० सालीच, सर्वोच्च न्यायालयाने नियम घालून दिले होते: बोअर मारण्यापूर्वी पंधरा दिवस कळवावे, तोंडाशी सिमेंटचा कट्टा बांधावा, पाइपावर झाकण बसवावे, सोडलेली बोअर तळापासून वरपर्यंत माती-वाळूने भरून काढावी. नियम उत्तम आहेत. फक्त ते पाळले जातात की नाही हे शिवारात फिरून पाहणाऱ्या माणसाचा पगार कोणत्या खात्यातून निघावा, हे त्या नियमांत नाही.

आमच्या कॉलेजात ‘राज्य आणि नियमन’ या विषयाचा तास चालू असताना मी झुंजरवाडचे उदाहरण दिले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, कोळवे बावीचे एवढे हाल, तर तैल बावीचे काय असेल?" वर्ग हसला. मराठी-कन्नड घरातली मुले. दोन्ही भाषांतले शब्द त्यांच्या तोंडी सहज एकत्र येतात. आपल्या जुन्या मराठीतही ‘बाव’ आहेच की. पण त्या हसण्यात प्रश्न विरून जाऊ नये असे मला वाटले. पाण्याची बोअर फार तर काही शे फूट खोल जाते, तेलाची हजारो फूट. पाण्याच्या बोअरमधून पाणी येते किंवा येत नाही. तेलाच्या विहिरीतून गॅस, खारे पाणी, तेल असे काय वाटेल ते वर येऊ शकते, आणि तेही विहीर सोडून पन्नास वर्षे झाल्यावर. तिच्यावर लक्ष कोण ठेवतो? आणि त्या लक्ष ठेवण्याचा खर्च कोण देतो? गेले काही महिने फावल्या वेळात मी याच प्रश्नाच्या मागे होतो. त्यातून जे हाती लागले, ते आज वाचकांपुढे ठेवतो.

या प्रश्नाचे माहेरघर म्हणजे अमेरिकेतले पेनसिल्व्हेनिया राज्य. २७ ऑगस्ट १८५९ रोजी तिथल्या टायटसव्हिल गावाजवळ एडविन ड्रेक याच्या विहिरीला साडेएकोणसत्तर फुटांवर तेल लागले, आणि आधुनिक तेलधंदा सुरू झाला. आपल्याकडे १८५७ च्या धामधुमीचा धुरळा नुकता खाली बसत होता, तेव्हाची ही गोष्ट. त्यानंतर त्या डोंगराळ राज्यात जो तो खणत सुटला. शेतात, परसात, ओढ्याच्या काठाला, चर्चच्या आवाराशेजारी. आणि सरकार? विहीर मारण्यासाठी परवाना घ्यावा लागतो ही पद्धतच तिथे १९५० च्या दशकाच्या मध्यात आली. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षे विहिरी मारल्या गेल्या आणि त्यांची धड नोंदवहीही नव्हती. तेल संपले की माणूस उठून जात असे. कुणी भोकात झाडाचा ओंडका ठोकला, कुणी दगडगोटे टाकले. लोखंडाला भाव आला तेव्हा आतले पाइपही उपटून विकले गेले.

आज त्या राज्याचे पर्यावरण खातेच सांगते की किती विहिरी मारल्या गेल्या याचा अंदाज तीन लाखांपासून साडेसात लाखांपर्यंत जातो. अंदाजातली ही तफावतच किती बोलकी आहे पाहा! नोंदीत आलेल्या बेवारस विहिरी २०२२ च्या सुमारास सत्तावीस हजारांच्या आसपास होत्या. बाकीच्या रानात, घरांच्या पायाखाली, रस्त्याखाली कुठेतरी आहेत. जुन्या विहिरीतून निघालेला गॅस जमिनीतून वाट काढत घराच्या तळघरात साचावा आणि ठिणगी पडून घर उडावे, असे प्रकार तिथे घडलेले आहेत.

इथे विहीर ‘बुजवणे’ म्हणजे काय, ते थोडे सांगायला हवे, नाहीतर पुढचा पैशाचा हिशेब कळणार नाही. आपल्या आडात माती लोटतात तसे ते काम नाही. तेलाच्या विहिरीत पोलादी पाइप उतरवलेला असतो आणि पाइप व खडक यांच्यामध्ये सिमेंट भरलेले असते. ही विहीर जमिनीच्या अनेक थरांतून जाते: वर गोड्या पाण्याचा थर, मध्ये खाऱ्या पाण्याचा, खाली तेल-वायूचा. निसर्गाने हे थर एकमेकांपासून वेगळे ठेवलेले असतात. विहिरीने त्या सगळ्यांतून एक वाट पाडलेली असते. विहीर बंद करायची म्हणजे ती वाट ठिकठिकाणी सिमेंटचे बूच मारून अडवायची, जेणेकरून खालचा गॅस आणि खारे पाणी वरच्या गोड्या पाण्यात मिसळणार नाही. त्यासाठी यंत्र न्यावे लागते, आत अडकलेला कचरा काढावा लागतो, पाइप कुजला असेल तर तोही प्रश्न. राज्य सरकारने बुजवलेल्या विहिरींचा सरासरी खर्च बरीच वर्षे तेहतीस हजार डॉलरच्या आसपास धरला जाई; म्हणजे आपले पंचवीस-तीस लाख रुपये. अवघड जागी तो त्याच्या कितीतरी पट होतो.

आता हा खर्च टाळायचा कसा, याची एक रीत त्या धंद्यात पडून गेली आहे. विहीर जोरात असते तेव्हा ती मोठ्या कंपनीकडे असते. उत्पादन निम्म्यावर आले की मोठी कंपनी ती मधल्या कंपनीला विकते. दिवसाला काही पिंपे उरली की मधली कंपनी छोट्याला विकते. छोटा ती आणखी दहा-वीस वर्षे ओढतो, आणि एक दिवस त्याचे दिवाळे निघते किंवा तो दुकानाला कुलूप लावून नाहीसा होतो. म्हाताऱ्या बैलाला बाजार दाखवायचा आणि शेवटी तो कसायाच्या दारात दिसला की ‘आम्ही नव्हे, त्यांनी नेला’ म्हणायचे, त्यातला हा प्रकार. नफा ज्याने खाल्ला तो साखळीच्या पहिल्या टोकाला, बुजवण्याचा खर्च शेवटच्या टोकाला. शेवटचा पळाला की विहीर सरकारच्या गळ्यात.

म्हणून विहिरीवर नजर ठेवणारे तपासनीस हवेत. विहिरीच्या जन्मापासून मरणापर्यंत, म्हणजे चाळीस-पन्नास वर्षे. त्यांचा पगार कुठून निघतो? माझे सर्वांत जास्त कुतूहल याच प्रश्नाबद्दल होते, आणि पेनसिल्व्हेनियाचे उत्तर वाचून मी थक्क झालो. तिथे तेल-वायू तपासणीचा खर्च मुख्यतः नव्या विहिरींच्या परवाना शुल्कातून भागवला जात असे!

आमच्या कॉलेजशी ताडून पाहा. समजा, संस्थेने ठरवले की प्राध्यापकांचे पगार फक्त पहिल्या वर्षाच्या प्रवेश-अर्जाच्या फीतून द्यायचे. ज्या वर्षी भरपूर मुले आली त्या वर्षी ठीक. पुढच्या वर्षी अर्ज निम्मे झाले, की निम्मे प्राध्यापक घरी. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाला बसलेली मुले कुठे गेली? ती वर्गातच आहेत. त्यांना शिकवायचे कुणी?

तिथे अगदी हेच झाले. २००८ नंतर मार्सेलस नावाच्या शेल खडकातून गॅस काढण्याची झुंबड उडाली. परवान्यांचे अर्ज ढिगाने आले, खात्यात माणसे भरली. मग गॅसचे भाव पडले. शिवाय कंपन्या शहाण्या झाल्या. एका जागेवरून आडव्या दिशेने लांबवर जाणाऱ्या विहिरी मारू लागल्या, त्यामुळे तेवढाच गॅस काढायला परवाने कमी लागू लागले. अर्ज घटले, फी घटली, आणि तेल-वायू विभागातली माणसे २२६ वरून १९० वर आली. चालू विहिरींची संख्या मात्र वाढतच होती. खात्याने २०१४ मध्ये आडव्या विहिरीची फी पाच हजार डॉलर केली होती. ती पुरेना म्हणून ऑगस्ट २०२० पासून ती साडेबारा हजार केली. त्यामागचा हिशेब असा: विभाग चालवायला वर्षाला अडीच कोटी डॉलर लागतात, आणि साडेबारा हजाराने दोन हजार अर्ज आले की ते जमतात. पुढच्या काळात तेवढे अर्ज येईनात. फी वाढवण्याची ती प्रक्रियाही वर्षानुवर्षे चालली होती. प्रस्ताव, हरकती, सुनावणी, समिती. नियम लागू होईपर्यंत ज्या अंदाजावर तो बेतला तोच शिळा झाला.

एक गोष्ट मात्र न्यायाला धरून सांगायला हवी. २०१२ च्या कायद्याने पेनसिल्व्हेनियाने शेल विहिरींवर एक वार्षिक आकार बसवला, आणि त्यातून आजवर दोनशे कोटी डॉलरहून अधिक रक्कम गोळा झाली. त्यातले बहुतेक पैसे ज्या गावांत आणि परगण्यांत विहिरी आहेत त्यांच्या रस्ते-पुलांना, स्थानिक गरजांना गेले. गावांना ते मिळालेच पाहिजेत. धूळ तेच खातात. पण पर्यावरण खात्याच्या वाट्याला त्यातले वर्षाला साठ लाख डॉलर ठरवून दिलेले. म्हणजे पैसा नव्हता असे नाही. तो तपासणीच्या टेबलापर्यंत पोचत नव्हता.

आता अनामतीकडे येऊ. घर भाड्याने देताना आपण जशी अनामत घेतो, तशी विहीर मारणाऱ्याकडून सरकार हमीची रक्कम घेते, की बाबा तू पळालास तर यातून आम्ही बुजवू. तत्त्व चोख आहे. पेनसिल्व्हेनियात जुन्या पद्धतीच्या विहिरीला ही रक्कम होती २,५०० डॉलर. आणि एखाद्याच्या अनेक विहिरी असतील तर सगळ्यांची मिळून एकच हमी, २५,००० डॉलर. शंभर विहिरी असोत की हजार. हजार असतील तर एका विहिरीमागे पंचवीस डॉलर झाले. खर्च तेहतीस हजारांचा, अनामत पंचविसाची! १९८५ पूर्वीच्या विहिरींना तर ही अटच लागू नव्हती. एवढ्या अनामतीवर टिळकवाडीत सायकलसुद्धा कुणी भाड्याने देणार नाही.

हे बदलावे म्हणून लोकांनी राज्याच्या पर्यावरण मंडळाकडे अर्ज केले. तर जुलै २०२२ मध्ये तिथल्या विधिमंडळाने उलट कायदा करून जुन्या पद्धतीच्या विहिरींची हमी वाढवण्याचा मंडळाचा अधिकार दहा वर्षांसाठी काढून घेतला. राज्यपालांनी त्यावर सही केली नाही, पण सहीशिवायही तो कायदा झाला. छोट्या धंदेवाल्यांचे म्हणणे असे की, आमची विहीर दिवसाला दोन पिंपे देते, तिच्यावर तेहतीस हजारांची हमी लादली तर आम्ही उद्याच दुकान बंद करू, आणि मग सगळ्याच विहिरी तुमच्या गळ्यात. यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या तेच काम करणारी कुटुंबे आहेत ती. आपल्याकडच्या उसाच्या गुऱ्हाळवाल्यांसारखी. पण विचार करू लागलो की वाटते, ज्या धंद्याला स्वतःचा उकिरडा आवरण्याचा खर्च झेपत नाही, तो धंदा नफ्यात आहे हे आपण कशाच्या आधारावर म्हणतो?

आणि गंमत अशी की त्याच्या आदल्याच वर्षी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, केंद्र सरकारने देशभरच्या बेवारस विहिरी बुजवायला ४.७ अब्ज डॉलर मंजूर केले होते. पेनसिल्व्हेनियाला पहिल्या हप्त्यात अडीच कोटी मिळाले. मागच्या विहिरी करदात्याच्या पैशातून बुजवायच्या, आणि पुढच्या बेवारस होऊ नयेत म्हणून अनामत वाढवायची नाही. एका हाताने शिवायचे, दुसऱ्या हाताने उसवायचे. केंद्राच्या जमिनीवरच्या विहिरींची हमी तर १९५० आणि १९६० च्या दरांवर थांबली होती. एका पट्ट्याला दहा हजार डॉलर, हा १९६० चा दर. तो २०२४ च्या नियमाने दीड लाख केला गेला. मधली चौसष्ट वर्षे कुणाला महागाई दिसली नाही.

टेक्सासची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे तेलविहिरींवर देखरेख करणाऱ्या संस्थेचे नाव रेल्वे आयोग. १८९१ मध्ये ती रेल्वेसाठीच निघाली होती. पुढे पाइपलाइन आणि तेल तिच्याकडे आले, आणि २००५ मध्ये रेल्वेचे शेवटचे कामही तिच्याकडून गेले. नाव राहिले! तिचे तीन आयुक्त मतदानाने निवडून येतात आणि त्यांच्या निवडणूक खर्चाला तेलवाल्यांच्या देणग्या मिळतात, हे तिथे उघड आहे. अधिक लिहीत नाही. आपल्याकडे वाळूचे ठेके आणि निवडणुका यांचे नाते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना मी काय सांगावे?

मग कुणी बरे केले आहे का? कॅनडातल्या अल्बर्टा प्रांताकडे पाहावे असे मला वाटते, निर्दोष म्हणून नव्हे. तिथल्या नियामकाचा सगळा खर्च उद्योगाकडून वसूल होतो, आणि तो केवळ नव्या परवान्यांवर अवलंबून नाही. असलेल्या विहिरींवर दरवर्षी आकार बसतो. म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाची मुलेही फी देतात. बेवारस विहिरींसाठी वेगळी संस्था आहे आणि तिच्यासाठी वेगळी वर्गणी आहे. तरीही तेलाचे भाव कोसळले तेव्हा बेवारस विहिरींचा आकडा फुगला आणि २०२० मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारला अल्बर्टासाठी शंभर कोटी डॉलर द्यावे लागले. तेव्हा नुसती पद्धत चांगली असून भागत नाही; वर्गणी किती घ्यायची हेही कुणीतरी धीटपणे ठरवावे लागते.

पण अल्बर्टातून आलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. रेडवॉटर नावाची एक छोटी तेल कंपनी बुडाली. तिच्या दिवाळखोरीचा कारभार पाहणाऱ्यांनी म्हटले, चांगल्या विहिरी आम्ही विकतो आणि बँकेचे कर्ज फेडतो. वाळलेल्या विहिरी आम्हाला नकोत, त्या सोडून देतो. बँक म्हणजे प्रांत सरकारच्याच मालकीची वित्तसंस्था, हा आणखी एक मासला. वाद वरवर जात सर्वोच्च न्यायालयात पोचला, आणि ३१ जानेवारी २०१९ रोजी पाच विरुद्ध दोन अशा बहुमताने निकाल लागला: असे निवडून घेता येणार नाही. विहिरी बुजवण्याची जबाबदारी आधी, सावकाराचे देणे नंतर. घरातला कर्ता गेला तर वाटणीत पिकाऊ रान तेवढे घ्यायचे आणि म्हातारी आई कुणीच घ्यायची नाही, असे करणाऱ्या भावांना आपण गावात काय म्हणतो? न्यायालयाने कायद्याच्या भाषेत तेवढेच म्हटले.

आपल्या देशाकडे वळतो. आपल्याकडे चित्र वेगळे आहे, कारण तेलविहिरी मुख्यतः सरकारी कंपन्यांच्या. ओएनजीसी किंवा ऑइल इंडिया रातोरात कुलूप लावून पळणार नाहीत, त्यामुळे बेवारस विहिरींचा अमेरिकेसारखा सुळसुळाट नाही. विहीर चालू असतानाच ती बंद करण्यासाठी पैसे बाजूला टाकावेत म्हणून १९९९ मध्ये सरकारने एक योजना आणली. कंपनीने स्टेट बँकेत वेगळ्या खात्यात रक्कम ठेवायची आणि त्यावर करात सवलत घ्यायची. मुलीच्या लग्नासाठी आवर्ती ठेव ठेवावी, तसे. माझ्या मते यात पेनसिल्व्हेनियापेक्षा आपले शहाणपण जास्त आहे, आणि ते मोकळेपणाने मान्य करायला हरकत नाही.

दुखणे आहे ते तपासणीत. मुंबई हाय आपल्याला जवळचे. उरणला ज्यांचे नातेवाईक नोकरीला आहेत अशी घरे आपल्याकडेही असतील. २६ जुलै २००५ च्या महापुराच्या दुसऱ्याच दिवशी खवळलेल्या समुद्रात एक जहाज मुंबई हाय उत्तर मंचाला धडकले, गॅसची नळी फुटली आणि दोन तासांत अख्खा मंच जळून गेला. बावीस माणसे गेली. मुंबई पाण्यात बुडालेली असल्याने त्या आगीकडे देशाचे पुरेसे लक्षही गेले नाही. समुद्रातल्या तेलकामाच्या सुरक्षेचे स्वतंत्र नियम त्यानंतर तीन वर्षांनी, २००८ मध्ये आले. त्यांची देखरेख तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाकडे दिली गेली. हे संचालनालय १९८६ पासून आहे, पेट्रोलियम मंत्रालयाच्या छत्राखाली. त्यातले तज्ज्ञ पुष्कळसे तेल कंपन्यांतूनच प्रतिनियुक्तीवर येतात. ज्ञान त्यांच्याकडेच असते, त्याला इलाज नाही, हे मला पटते. पण तीन वर्षांनी ज्याला आपल्या कंपनीत परत जायचे आहे, त्याने त्याच कंपनीच्या यंत्राला लाल शेरा मारावा ही अपेक्षा जरा जास्तच नाही का? परीक्षकाची बदली पुढच्या वर्षी परीक्षार्थीच्या हाताखाली होणार असेल, तर पेपर कसा तपासला जाईल ते आम्हा मास्तर लोकांना विचारा.

जमिनीवरच्या तेलविहिरींची सुरक्षा पाहतात ते खाण सुरक्षेचे महासंचालनालय, म्हणजे कामगार मंत्रालय. प्रदूषण पाहते राज्याचे मंडळ. २७ मे २०२० रोजी आसामात बागजानला ऑइल इंडियाच्या विहिरीतून गॅसचा लोट उसळला. ९ जूनला त्याने पेट घेतला, अग्निशमनाचे दोन जवान गेले, आणि ती विहीर पूर्ण शांत व्हायला नोव्हेंबर उजाडला. शेजारी दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यान आणि मागुरी-मोटापुंगची दलदल, तिथली माणसे, मासे, पक्षी. आंध्रात पासरलापुडीला १९९५ च्या जानेवारीत असाच स्फोट झाला होता. ती विहीर पासष्ट दिवस जळत होती. दोन्ही वेळी आग विझवण्यावर जो पैसा ओतला गेला, त्याला कुणी मंजुरी द्यायला वर्षे लावली नाहीत. तपासनीसाच्या रिकाम्या जागेची फाईल मात्र कुठल्या टेबलावर किती महिने पडून राहते, ते सरकारी खात्यात काम केलेल्या वाचकांना ठाऊक आहे.

हे सगळे मी वर्गात सांगितले तेव्हा तोच मुलगा म्हणाला, "सर, मुद्दा एकच. रोक्का यार कोडावरू?" पैसे देणार कोण! आमच्या भागात सोयरिकीच्या बैठकीत शेवटी याच वाक्यावर येतात. मी म्हटले, बरोबर. आता तू तुझ्या गावच्या पंचायतीत जाऊन विचार, किती बोअरी मारल्या आणि किती सोडल्या.

तो खरेच गेला. पंधरा दिवसांनी वहीत लिहून आणले: मारलेल्या बोअरींची नोंद वीज जोडणीच्या अर्जावरून काढता येते, कोरड्या गेलेल्यांची काढता येत नाही, कारण त्यांना वीज कुणी मागत नाही. मग तो आणि त्याचे दोन मित्र सुट्टीच्या दिवशी आपल्या वाडीचे शिवार पायी फिरले. अकरा भोके सापडली. त्यातल्या चारांवर झाकण होते.

ती वही वाचून त्या आठवड्यात मी गावाकडे आण्णांना फोन केला. आमच्या वरच्या रानात २०१६ च्या उन्हाळ्यात मारलेली एक कोरडी बोअर आहे, तिच्यावर नुसता फरशीचा तुकडा ठेवलेला होता. आण्णा म्हणाले, "माती भरून कट्टा घालायला गवंडी दोन दिवसांची मजुरी मागतोय, वाळू वेगळी." खर्च आम्ही दोघा भावांनी निम्मा-निम्मा केला. कट्टा झाला आहे. गेल्या रविवारी जाऊन पाहून आलो.